वल्ह्यावरची सम

वरळी कोळीवाड्याच्या टोकाला, किल्ल्याच्या पायथ्याशी उभे राहा आणि समोरचा सागरी सेतू पुसून टाका. 2009 सालचा आहे तो, पुसायला वेळ लागत नाही. केबल गेल्या, खांब गेले, वरून पळणाऱ्या गाड्यांची घरघर गेली. वांद्रं पुन्हा पाण्यापलीकडचं गाव झालं. आता मागे वळा आणि आकाशात घुसलेले टॉवर एकेक करून खाली बसवा. परळ-लालबागच्या बाजूला गिरण्यांच्या चिमण्या दिसू लागल्या की थांबू नका, अजून थोडं मागे जायचंय. शेवटी होड्यांची इंजिनं काढा. महाराष्ट्राच्या किनाऱ्यावर पन्नाशीच्या दशकापासून यांत्रिक होड्या येऊ लागल्या. त्याच्या जरा आधी आपल्याला उतरायचंय.

आता ऐका. पाणी आहे, कावळे आहेत, कुठे तरी लाकडावर लाकूड घासतंय. ओहोटी लागली आहे आणि पहाट व्हायची आहे. तुमच्या पायाखाली ओला चिखल, नाकात सुक्या बोंबलाचा वास. एक तांडेल तुमच्याकडे बघतो, तुम्ही कोण, कुठले, काही विचारत नाही. होडीत एक हात कमी आहे, एवढंच त्याला कळतं. तो तुम्हाला आत घेतो, वल्हं हातात देतो आणि म्हणतो, "तोंड मिटून ऱ्हा. हात बोलतील."

पहिल्या काही फेऱ्यांत तुमची फजिती होते. तुम्ही मनात एक-दोन-तीन मोजून ओढता आणि तुमचं वल्हं पुढच्या खलाशाच्या वल्ह्यावर आदळतं. तो वळूनही बघत नाही. मग तुमच्या ध्यानात येतं की इथे कुणीच मोजत नाहीये. वल्हं पाण्यात शिरलं की पाणी त्याला अडवतं, त्या अडण्याचा भार दंडातून खांद्यात, खांद्यातून कमरेत उतरतो. मग वल्हं पाण्याबाहेर येतं, हलकं होतं, हवेतून परत पुढे जातं. भार, सुटका. भार, सुटका. पुढचा म्हातारा खलाशी एक ओळ टाकतो, तेव्हा सगळ्यांची वल्ही हवेत असतात. बाकीचे उत्तर देतात, तेव्हा ती पाण्यात असतात. उत्तर गळ्यातून येतच नाही मुळी. छातीवर भार आला की श्वास आपोआप बाहेर पडतो आणि त्याला स्वर चिकटलेला असतो.

हे लक्षात ठेवा, कारण पुढचं सगळं यावर उभं आहे. आपण शाळेत शिकलो की गाण्याला ठेका देतात. इथे उलटं आहे. ठेका आधी चालू होता, गाणं त्यावर नंतर येऊन बसलं.

होडी स्थिर होईपर्यंत आपल्या दोन हातांवर हे करून बघा, वाचता वाचताच. डावा हात मांडीवर संथ टाका, सहा मात्रांत दोनदा: पहिलीवर आणि चौथीवर. ही झाली होडीची चाल, पुढे आणि मागे. दादऱ्यातही असंच आहे, पहिलीवर टाळी, चौथीवर खाली. आता उजवा हात त्याच सहा मात्रांत तीनदा टाका: पहिलीवर, तिसरीवर, पाचवीवर. सुरुवातीला हात एकमेकांत अडकतील. जमलं, की गंमत सुरू होते. सहा मात्रा त्याच, पण एक हात त्यांचे दोन भाग करतोय, दुसरा तीन. दोघं पहिल्या मात्रेवर भेटतात आणि लगेच वेगळे होतात. त्या वेगळं होण्यातून जे डोलणं तयार होतं, तेच कोळीगीताचं रहस्य. कंबर दोनात हलते, पावलं किंवा टाळ्या तीनात पडू शकतात, आणि गळा या दोघांच्या मधून वाट काढतो. शरीरात एकाच वेळी दोन लयी चालू असल्या की माणूस स्वस्थ बसूच शकत नाही. हळदीला बसलेली म्हातारी खुर्चीतल्या खुर्चीत खांदे हलवू लागते, ती यामुळेच.

कोळी ठेका म्हणजे पुस्तकातला दादरा, असं मात्र समजू नका. दादऱ्याचे बोल तबल्यावर लिहून दाखवता येतात, धा धी ना, धा ती ना. 'धी'मध्ये डग्ग्याचा घुमार आहे, 'ती'मध्ये तो काढून घेतलेला आहे. पहिला अर्धा भरलेला, दुसरा मोकळा होत जाणारा. हे वल्ह्याशी इतकं जुळतं की मला नेहमी वाटतं, भरी आणि खाली हे शब्द ज्याने पहिल्यांदा वापरले त्याने कधी तरी होडी वल्हवली असावी. पण ढोलकीवाला कोळी ठेका वाजवतो तेव्हा मात्रा सारख्या अंतरावर पडत नाहीत. पहिली जरा लांबते, तिच्यामागची जरा घाईने येते, जशी लाट किनाऱ्याशी आधी रेंगाळते आणि मग कोसळते. नोटेशनच्या कागदावर ही गोष्ट उतरत नाही. ती खांद्यातून खांद्यात जाते, आत्ता तुमच्या खांद्यात आली तशी.

वल्हं ठेवा. होडी बंदराला लागली आहे. आता पंधरा-वीस वर्षं पुढे या.

साठचं दशक संपत आलंय. तोच कोळीवाडा, पण दोन आवाज नवे आहेत. एक होडीच्या इंजिनाचा. डिझेलचा धूर सोडत होडी निघते तेव्हा चार माणसांनी एका श्वासात काही ओढण्याची गरज उरलेली नसते. दुसरा आवाज एका घराच्या पडवीतून येतोय, ट्रान्झिस्टरचा. एक कोळीण कोळंबी सोलता सोलता थांबते. शेजारची पोरं गोळा होतात. तुम्हीही भिंतीला टेकून उभे राहा.

गाणं आहे 'मी डोलकर'. शब्द शांता शेळके यांचे, संगीत हृदयनाथ मंगेशकरांचं, आवाज लता मंगेशकर आणि हेमंतकुमार यांचे. चौघांत कोळी कुणीच नाही. शांताबाई 1922 साली इंदापूरला जन्मल्या, समुद्रापासून दूर, पुणे जिल्ह्यात. परळच्या महर्षी दयानंद महाविद्यालयात त्यांनी मराठी शिकवलं. हेमंतकुमार बंगालचे. मंगेशकर कुटुंबाचं मूळ गोव्यातल्या मंगेशीचं. अशी चार माणसं कोळ्यांचं गाणं करायला बसतात, तेव्हा ते नकली होण्याची भीती शंभरात नव्वद असते. हे गाणं नकली झालं नाही, याचं कारण मला तरी एकच दिसतं: त्यांनी ठेक्याला हात लावला नाही. त्यांनी त्याच्यावर वजन किती टाकायचं, एवढंच ठरवलं.

'डोलकर' हा शब्दच उच्चारून बघा. डोल हे पिशवीसारखं जाळं. ते प्रवाहाच्या तोंडाशी बांधून ठेवायचं, भरती-ओहोटीचं पाणी आपल्या जोराने बोंबील, जवळा त्यात आणून घालतं. हे जाळं लावणारा तो डोलकर. म्हणजे मासा पकडण्याचं कामही त्याचं ठेक्यावरच, समुद्राच्या ठेक्यावर: साधारण सहा तास पाणी आत, सहा तास बाहेर. आणि शब्दाचा घाट? पहिलं अक्षर लांबवावं लागतं, शेवट पटकन पडतो. लांब-आखूड. ओढ-सोड. शांताबाईंनी हा एकच शब्द लागोपाठ तीनदा ठेवला आहे. अर्थ पहिल्यांदाच कळतो. दुसऱ्या आणि तिसऱ्या वेळी शब्द अर्थासाठी आलेला नसतो, तो वल्हं म्हणून आलेला असतो. कवयित्रीने आपल्या शब्दाला ढोलकीचा बोल होऊ दिलं, ही मला फार मोठी गोष्ट वाटते. बऱ्याच कवींना ते जमत नाही, कारण त्यांना प्रत्येक शब्दाने काही तरी सांगायला हवं असतं.

मग आवाज. हेमंतकुमारांचा आवाज रुंद, खालचा, कुठेही घाई नसलेला. लताबाईंचा वर, टोकदार. एक होडीच्या तळासारखा पाण्याला धरून, दुसरा शिडासारखा वाऱ्यात. मध्ये भरपूर मोकळी जागा राहते आणि त्या जागेत ठेका श्वास घेतो. आज कोळीगीतांवर दहा वाद्यं चढवतात आणि ही जागा बुजवतात, तेव्हा मला दुःख होतं. ठेका वाजतो तो आघातांमुळे, पण डोलतो तो आघातांमधल्या रिकामेपणामुळे.

आणखी एक ध्यानात घ्या. त्या काळी रेकॉर्डिंगला गायक आणि वादक सहसा एकत्रच बसत. कुणी चुकलं तर सगळ्यांनी पुन्हा पहिल्यापासून. तबकडीवरच्या मोजक्या मिनिटांत गाणं बसवायचं. म्हणजे होडीतलीच शिस्त होती ती. तुमचं वल्हं शेजाऱ्याच्या वल्ह्यावर आदळलं की सगळी होडी थांबते. आणि कोळीवाड्यात हाताने वल्हवणं मागे पडू लागलं, त्याच सुमाराला वल्ह्याची ती लय तबकडीवर चढून घराघरांत गेली. पडवीतली कोळीण मान हलवत पुन्हा कोळंबी सोलू लागते. तिचे हात आता गाण्याच्या लयीत चालताहेत, तिला ते कळलेलंही नाही.

आता एक लांबची उडी. बंदरावरून तसेच पश्चिमेकडे तोंड करा.

1980 सालचा उन्हाळा, बहामा बेटांवरचं नासाऊ. समुद्र इथेही हाकेच्या अंतरावर. कंपास पॉइंट नावाचा स्टुडिओ आहे. आत न्यूयॉर्कचा 'टॉकिंग हेड्स' हा वाद्यवृंद आणि त्यांच्यासोबत निर्माता ब्रायन ईनो. त्यांच्या संगीताला तिकडे नाव पडलंय 'न्यू वेव्ह', नवी लाट. तुम्ही आत्ताच वरळीहून आलात, लाट म्हणजे काय ते तुम्हाला दंडात माहीत आहे. कोपऱ्यात बसा आणि बघा.

इथे कुणाकडे गाणं तयार नाही. ना शब्द, ना चाल. ते नुसते वाजवत बसतात. ड्रमवर ख्रिस फ्रांझ, बेस गिटारवर टीना वेमथ, की-बोर्डवर जेरी हॅरिसन, गिटारवर डेव्हिड बर्न. वाजवलेल्यातला एखादा छोटा तुकडा बरा वाटला की तोच पुन्हा, पुन्हा, पुन्हा. नायजेरियातल्या लागोसच्या फेला कुटीचं संगीत त्यांनी कान देऊन ऐकलंय. त्यात एकच लय लांबच लांब चालते आणि प्रत्येक वाद्य तिच्यात आपला छोटासा वाटा घालतं. इथे तेच चाललंय. टीनाच्या बेसची ओळ ऐका. चार-दोन स्वर, मग चक्क रिकामी जागा. पुन्हा तेच स्वर, पुन्हा तीच जागा. गाणं जवळजवळ पूर्ण होईपर्यंत ही ओळ हलत नाही. तुम्हाला ओळखीचं वाटतंय ना? भार, सुटका.

या तुकड्यातून पुढे 'वन्स इन अ लाइफटाइम' हे गाणं झालं. 'रिमेन इन लाइट' या त्यांच्या संग्रहात ते त्याच वर्षी ऑक्टोबरमध्ये आलं. पण मध्ये ते बाजूला टाकून देण्यापर्यंत वेळ आली होती, कारण त्यात स्वरसंगती फारशी बदलतच नाही. नेहमीच्या गाण्यात कडव्याची जमीन एक असते, ध्रुपदाची दुसरी, त्यामुळे चालीला चढायला पायऱ्या मिळतात. इथे जमीन एकच. मग चाल चढवायची कशावर? उत्तर कोळीवाड्यात तुम्ही ऐकलंच आहे: एकाने ओळ टाकायची, बाकीच्यांनी उत्तर द्यायचं. बर्नने रेडिओवरच्या धर्मोपदेशकांच्या ढंगात कडवी जवळजवळ बोलून म्हटली आणि ध्रुपद अनेक गळ्यांनी गायलं. खालची लय तीच राहिली, वर फक्त गर्दी कमी-जास्त झाली. ध्रुपद आलं की अंगावर लाट आल्यासारखं वाटतं, खरं तर पाणी हललेलंच नसतं, माणसं वाढलेली असतात. आणि शब्दांत काय आहे? वाहणारं पाणी. एवढं ऐकल्यावर वरळीच्या माणसाला वेगळं काही समजावून सांगावं लागत नाही.

पण मी तुम्हाला इतक्या लांब आणलं ते दुसऱ्याच गोष्टीसाठी. या गाण्यात सम, म्हणजे आवर्तनाची पहिली मात्रा, कुठे आहे, यावर त्या खोलीतल्या लोकांचं एकमत नव्हतं. ठेका चार मात्रांचा, आपल्यासारखा सहाचा नव्हे. ईनोला सम एका ठिकाणी ऐकू येत होती, बाकीच्यांना दुसऱ्याच. आपल्याकडच्या गुरूने लगेच हातावर टाळी देऊन समेचा निकाल लावला असता. त्यांनी तो लावला नाही. काही थर एका समेवर वाजत राहिले, काही दुसरीवर. म्हणून ते गाणं ऐकताना पाय एक सांगतो आणि मान दुसरं. तुमच्या मांडीवरचे दोन हात आठवा. दोनाचा आणि तीनाचा. पहिल्या मात्रेवर भेटून वेगळे होणारे.

म्हणजे न्यूयॉर्कच्या शिकलेल्या मंडळींनी टेपवर थरावर थर चढवून, लागोसकडून शिकून जे मिळवलं, ते वरळीच्या होडीत रोज पहाटे होत होतं. मी हे त्यांना कमी लेखायला म्हणत नाही. त्यांचं गाणं मला मनापासून आवडतं. त्यांनी जे शोधलं ते खरं होतं, म्हणूनच ते इथल्या खऱ्याशी जुळतं.

परत येताना 1982 च्या मुंबईत क्षणभर थांबा. हिंदी सिनेमाच्या वाद्यवृंदांत गिटार वाजवणारे चरणजित सिंग एचएमव्हीसाठी एक तबकडी करताहेत. जपानी रोलंड कंपनीची तीन यंत्रं, एक ड्रमचं, एक बेसचं, एक सिंथेसायझर, आणि त्यांवर दहा राग: भैरव, ललित, भूपाळी, तोडी, यमन, मालकंस आणि बाकीचे. बेसच्या यंत्रात स्वर एकातून दुसऱ्यात घसरवण्याची सोय होती, आणि आपल्या कानांना ती मींडेसारखी वाटली. तबकडी तेव्हा फारशी कुणी ऐकली नाही. पाच वर्षांनी शिकागोत त्याच बेसच्या यंत्रावर जे नाचगाणं निघालं ते जगभर गेलं. 2010 मध्ये ही तबकडी परदेशात पुन्हा निघाली, तेव्हा लोक चकित झाले. मला त्यात सर्वांत महत्त्वाचं वाटतं ते हे: ठेका यंत्राच्या हाती दिल्यावरही सिंगांनी बोटं स्वतःची ठेवली होती. यंत्र सारखं चालतं, माणूस त्याच्यावर जरा मागे-पुढे होतो, आणि डोलणं त्या फटीत राहतं.

आता पुन्हा कोळीवाडा. नव्वदच्या दशकातली हळदीची रात्र. मांडवात धवलारीण धवळे, म्हणजे लग्नातली पारंपरिक गाणी, म्हणून थकली आहे, तिचं काम झालं. बाहेर बँजो आणि ढोल लागलेत. एका टेपरेकॉर्डरवर संध्याकाळभर नॉनस्टॉप कोळीगीतांची कॅसेट वाजली होती, 'वेसावकर आणि मंडळी' यांचं पारूचं गाणंही झालं होतं. पण आता प्रत्यक्ष वादक आहेत. तुम्ही त्यांच्या अगदी मागे उभे राहा, नाचणाऱ्यांच्या गर्दीत जाऊ नका, कारण कारागिरी मागून दिसते.

बँजोवाला गाणं संपवतच नाही. एका गाण्याच्या शेवटच्या ओळीत तो दुसऱ्याची पहिली ओळ घुसवतो, आणि ढोलवाल्याला पत्ताही लागू देत नाही. किंवा असं म्हणा, ढोलवाल्याला पर्वाच नसते. वरची गाणी बदलतात, सिनेमातली, देवीची, पारूची. खालचा ठेका गेल्या पाऊण तासात एकदाही तुटलेला नाही. ढोलवाल्याचा खांदा पाहा. काठी खाली येण्याच्या आधी खांदा किंचित मागे जातो, थबकतो, मग सोडतो. हा माणूस तिशीचा असेल. त्याने कधी वल्हं धरलं नसेल, त्याच्या जन्माआधीच इंजिनं आली होती. पण तो खांदा तुम्ही ओळखता. पहाटेच्या होडीत तुमच्या पुढे बसलेल्या म्हाताऱ्या खलाशाचा होता तो.

म्हणूनच मला एका गोष्टीची काळजी वाटते. आता बहुतेक हळदींना डीजे असतो आणि ढोलकीचा एकच छापील तुकडा यंत्रात फिरत राहतो. सहाही मात्रा सारख्या अंतरावर, रात्रभर. लोक नाचतात, नाही असं नाही. पण खुर्चीतली म्हातारी आता खांदे हलवत नाही, ती कानांवर हात ठेवून घरी जाते. आपण म्हणतो, आवाज फार मोठा म्हणून. माझं मत वेगळं आहे. तिच्या खांद्याला त्या ठेक्यात शिरायला जागाच राहिलेली नाही.

ज्यांच्या घरी पुढच्या हंगामात हळद आहे, त्यांना माझी विनंती आहे. डीजे लावा, पण निदान तासभर एक ढोलकीवाला बसवा. हातांचा. आणि घरातल्या सर्वांत म्हाताऱ्या माणसाची खुर्ची त्याच्याजवळ ठेवा.

आणि तुम्ही, जे इतका वेळ माझ्याबरोबर फिरलात, ते एकदा एकटेच वरळीच्या बंदरावर या. भरतीची वेळ काढायचा जुना ढोबळ हिशेब सोपा आहे: तिथीची पाऊणपट. अष्टमी असेल तर सहाच्या आसपास, पहाटे आणि संध्याकाळीही. दुसऱ्या दिवशी पाऊण तास उशिरा.